अप्रमादाची यादी

जैन आचारशास्त्राने हिंसेचा विचार फार बारकाईने केला आहे. आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला केंद्रस्थानी ठेवले. प्रमत्त अवस्थेत मन, वचन वा काया यांच्या योगाने प्राणांची हानी होणे म्हणजे हिंसा, असा त्या सूत्राचा आशय आहे. पुढील आचार्यांनी हा विचार अधिक स्पष्ट केला. खाली दृष्टी ठेवून, यतनेने चालणाऱ्या मुनीच्या पायाखाली एखादा जीव अजाणता सापडला, तरी त्या मुनीस हिंसेचा दोष लागत नाही. आणि बेफिकीरपणे चालणाऱ्याच्या पायाखाली एकही जीव आला नाही, तरी तो निर्दोष ठरत नाही. दैवाने परिणाम चांगला झाला, एवढ्यावरून आचरण शुद्ध ठरत नाही.

हा विचार आजच्या रुग्णालयात नेऊन पाहिला, तर तो आश्चर्य वाटावे इतका तेथे लागू पडतो. रुग्णाबद्दल कोणाच्याही मनात तेथे वैर नसते. डॉक्टर, परिचारिका, औषध देणारा, रक्तपेढीतला तंत्रज्ञ, सारेच बरे करण्यासाठी राबत असतात. तरीही एका नावाचे दोन रुग्ण शेजारच्या खाटांवर असतात आणि एकाचे औषध दुसऱ्यास जाते. शस्त्रक्रियेपूर्वी द्यावयाचे प्रतिजैविक गडबडीत राहून जाते. एकसारख्या दिसणाऱ्या दोन कुप्यांपैकी नको ती हातात येते. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने १९९९ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. टाळता येण्याजोग्या वैद्यकीय चुकांमुळे त्या देशातील रुग्णालयांत दरवर्षी ४४,००० ते ९८,००० माणसे दगावत असावीत, असा अंदाज त्यात मांडला होता. अतिशय संपन्न, सुसज्ज आणि सुशिक्षित देशाची ही स्थिती होती. त्यानंतर रुग्णसुरक्षा हा वैद्यकाचा स्वतंत्र विषय बनला, आणि थोडक्यात टळलेली चूकही चूकच मानून तिची नोंद ठेवण्याचा आग्रह सुरू झाला. बेफिकीर चालणाऱ्याविषयीचा आचार्यांचा निवाडा याहून वेगळा नाही.

प्रश्न असा की, यावर उपाय काय? ‘सावध राहा’ हा उपदेश सर्वांत सोपा आणि सर्वांत निष्फळ. अठरा तास जागलेल्या निवासी डॉक्टरला किंवा एकाच पाळीत वीस रुग्ण सांभाळणाऱ्या परिचारिकेला सावधपणाचे महत्त्व कोणी समजावून सांगावे लागत नाही. माणसाची स्मृती थकते, लक्ष विचलित होते, सवयीचे काम हात आपोआप करू लागतात आणि मन दुसरीकडे जाते. जैन आचार्यांना मनाचा हा स्वभाव पुरता ठाऊक होता. म्हणून त्यांनी साधूला नुसता उपदेश केला नाही, तर क्रम आखून दिला. वस्त्र-पात्रांचे पडिलेहण ठरलेल्या वेळीच करायचे, दिवसातून दोनदा करायचे. मुहपत्तीच्या पडिलेहणात पन्नास बोल. प्रत्येक हालचालीबरोबर एक बोल मनात उमटला पाहिजे. दिगंबर मुनी कमंडलू वा शास्त्र उचलताना आणि ठेवताना आधी पिच्छीने जागा मार्जन करतात. ती आदाननिक्षेपण समिती. श्रावकाचे चौदा नियम सकाळी धारायचे आणि संध्याकाळी त्यांचा हिशेब घ्यायचा. प्रतिक्रमणात व्रतांचे अतिचार एकेक करून आठवायचे; ‘काही चुकले असेल तर क्षमा’ असे मोघम म्हणून भागत नाही. सावधपणा हा केवळ सद्गुण म्हणून टिकत नाही, त्याला क्रमाचा आधार लागतो, हे या साऱ्या रचनेमागचे शहाणपण आहे.

आधुनिक जगाने हेच शहाणपण एका अपघातातून मिळवले. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात, डेटन शहराजवळच्या राइट फील्ड या विमानतळावर बोइंग कंपनीच्या नव्या बॉम्बफेकी विमानाची चाचणी होती. चार इंजिनांचे ते विमान त्या काळच्या मानाने फारच प्रगत होते. उड्डाण होताच ते वर चढले, कलले आणि कोसळले. त्यात वैमानिक मेजर प्लॉयर हिल यांच्यासह दोघांचा अंत झाला. चौकशीत यंत्राचा दोष आढळला नाही. विमान जमिनीवर उभे असताना वाऱ्याने त्याचे पंखभाग हलू नयेत म्हणून लावलेला अटकाव उड्डाणापूर्वी काढायचा राहिला होता. हिल हे अतिशय अनुभवी वैमानिक होते. त्यामुळे वैमानिकांना अधिक शिकवून हा प्रश्न सुटणार नव्हता. त्यांनी एक छोटी यादी तयार केली: उड्डाणापूर्वी काय पाहायचे, हवेत काय, उतरताना काय. त्याच जातीची १२,००० हून अधिक विमाने पुढे बनली आणि उडाली. तपासणी-यादी ही तेव्हापासून वैमानिकाच्या पेशाचा भाग झाली. ती वाचण्यात कोणत्याही वैमानिकाला कमीपणा वाटत नाही.

वैद्यकाला मात्र हा कमीपणा बराच काळ वाटत राहिला. २००१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील अतिदक्षता-तज्ज्ञ डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी एकाच कामापुरती एक यादी लिहून काढली. गंभीर रुग्णाच्या मोठ्या रक्तवाहिनीत जी नळी घालतात, तिच्यातून होणारा जंतुसंसर्ग पुष्कळदा जिवावर बेततो. यादीत पाचच गोष्टी होत्या. हात साबणाने धुवा. रुग्णाची त्वचा क्लोरहेक्सिडीनने स्वच्छ करा. रुग्णाच्या सर्वांगावर निर्जंतुक आच्छादन घाला आणि स्वतः टोपी, मुखपट्टी, अंगरखा व हातमोजे चढवा. शक्यतो जांघेतून नळी घालू नका. गरज संपताच नळी काढा. यातली एकही गोष्ट कोणा डॉक्टरला नवी नव्हती. तरीही परिचारिकांनी महिनाभर निरीक्षण केले, तेव्हा एकतृतीयांशाहून अधिक रुग्णांच्या बाबतीत किमान एक पायरी गाळली जात असल्याचे दिसून आले.

प्रोनोव्होस्ट यांनी पुढे केले ते यादीपेक्षाही मोठे होते. पायरी गाळली गेली तर डॉक्टरला थांबविण्याचा अधिकार त्यांनी व्यवस्थापनाकडून परिचारिकांना मिळवून दिला. नंतर मिशिगन राज्यातील शंभरहून अधिक अतिदक्षता विभागांत ही पद्धत नेण्यात आली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, दर हजार नळी-दिवसांमागे २.७ असलेले संसर्गाचे मध्यक प्रमाण तीन महिन्यांत शून्यावर आले. या प्रयोगातील एक तपशील व्यापारी मनाला विशेष भावेल. प्रत्येक विभागाशी रुग्णालयाचा एक वरिष्ठ अधिकारी जोडून दिला होता आणि त्याने महिन्यातून एकदा तरी तेथे जाऊन अडचणी ऐकायच्या होत्या. तेव्हा लक्षात आले की एकतृतीयांशाहूनही कमी विभागांत क्लोरहेक्सिडीन उपलब्ध होते. यादीत लिहिलेली वस्तू कपाटात नव्हती. तो प्रश्न खरेदीचा होता. अधिकाऱ्यांनी लक्ष घालताच काही आठवड्यांत तो सुटला.

या कामाला जगभर पोहोचविणाऱ्या माणसाचे मूळ महाराष्ट्रात आहे. डॉ. अतुल गवांदे हे बॉस्टनचे शल्यविशारद. त्यांचे वडील डॉ. आत्माराम गवांदे विदर्भातील उटी या खेड्यातल्या शेतकरी कुटुंबातून अमेरिकेस गेले, ओहायोतील अथेन्स या गावी मूत्ररोगतज्ज्ञ म्हणून स्थिरावले, आणि आपल्या भागात उमरखेडला त्यांनी आईच्या नावाने महाविद्यालय उभे केले. अतुल गवांदे यांच्या नेतृत्वाखाली जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी एकोणीस मुद्द्यांची तपासणी-यादी जाहीर केली. तीत तीन थांबे आहेत. भूल देण्यापूर्वीचा पहिला: रुग्ण तोच ना, शस्त्रक्रिया तीच ना, जागेवर खूण केली आहे ना, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का, रक्तस्राव जास्त होण्याची शक्यता आहे का. छेद घेण्यापूर्वीचा दुसरा: सर्वांनी आपले नाव आणि काम सांगितले का, गेल्या साठ मिनिटांत प्रतिजैविक दिले का. रुग्ण शस्त्रक्रियागृहाबाहेर नेण्यापूर्वीचा तिसरा: उपकरणे, सुया आणि गॉज यांची मोजणी जुळली का, तपासणीसाठी काढलेल्या ऊतींच्या नमुन्यावर नाव बरोबर लिहिले का.

नवी दिल्ली, लंडन, सिएटल, टोरांटो, ऑकलंड, मनिला, अम्मान आणि टांझानियातील इफाकारा अशा आठ ठिकाणी ही यादी पारखण्यात आली. गरीब-श्रीमंत दोन्ही प्रकारची रुग्णालये त्यात होती. यादीपूर्वी शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्के होते, ते ०.८ टक्क्यावर आले. गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. तेथील कर्मचाऱ्यांची मतेही विचारली गेली. काहींना यादी वेळखाऊ वाटत होती. पण ‘स्वतःवर शस्त्रक्रिया व्हायची असेल तर ही यादी वापरली जावी का?’ या प्रश्नाला ९३ टक्क्यांनी होकार दिला. दुसऱ्याच्या जिवासाठी जे ओझे वाटते तेच स्वतःच्या जिवासाठी कवच वाटते, हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. आत्मवत् सर्व जीवांकडे पाहण्याची शिकवण ज्या परंपरेत आहे, तिने या आकड्यापाशी क्षणभर थांबावे.

गवांदे स्वतः ही यादी वापरू लागले ते काहीशा संकोचानेच. आपल्या शस्त्रक्रियागृहात तिची गरज पडेल असे त्यांना वाटत नव्हते. पुढे एका शस्त्रक्रियेत त्यांच्या हातून मोठी रक्तवाहिनी फाटली आणि रुग्णाचे हृदय थांबले. तो रुग्ण वाचला, कारण छेदापूर्वी यादी वाचताना रक्ताची व्यवस्था झाली नसल्याचे एका परिचारिकेच्या ध्यानात आले होते आणि पिशव्या वेळेत तयार ठेवल्या गेल्या होत्या. हा प्रसंग गवांदे यांनी स्वतःच आपल्या पुस्तकात लिहून ठेवला आहे.

कागदावरची ही यादी आता संगणकाच्या पडद्यावर आली आहे. या बदलाची एक वाट थेट दुकानातून निघते. वस्तूवरील पट्ट्यांची खूण, म्हणजे बारकोड, व्यवहारात प्रथम वाचली गेली ती २६ जून १९७४ रोजी, त्याच ओहायोतील ट्रॉय गावच्या एका सुपरमार्केटमध्ये, च्युइंगगमच्या पाकिटावर. १९९२ च्या सुमारास कॅन्सासमधील टोपेका येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयातली परिचारिका स्यू किनिक हिने भाड्याची मोटार परत करताना पाहिले की, तेथील नोकराने हातातल्या यंत्राने गाडीवरची खूण वाचली आणि सारा हिशेब पुढे आला. मोटारीसाठी जे करता येते ते औषधासाठी का करू नये, असे तिच्या मनात आले. त्या कल्पनेतून रुग्णाच्या मनगटावरील पट्टी आणि औषधाच्या वेष्टनावरील खूण एकमेकींशी ताडून पाहण्याची पद्धत उभी राहिली. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य वेळ आणि योग्य मार्ग ही परिचारिकांच्या शिक्षणातली जुनी पंचसूत्री. यंत्र ती दरवेळी, न थकता विचारू लागले. बॉस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयातील २०१० च्या अभ्यासात, वेळेची चूक सोडून औषध देण्यातल्या इतर चुका अशा पद्धतीने सुमारे ४१ टक्क्यांनी घटल्याचे आढळले.

डिजिटल यादीचे बळ नेमके कशात आहे, हे ओळखून घेणे आवश्यक आहे. कागदी यादी सर्वांना सारखी असते. संगणकातील यादी त्या रुग्णाची नोंद वाचून त्याच्यापुरते प्रश्न पुढे ठेवू शकते. मूत्रपिंड अशक्त असेल तर औषधाची मात्रा पुन्हा पाहा, असे ती सुचवते. तशी गरज नसलेल्याच्या बाबतीत गप्प राहते. नेदरलँड्समधील आइंडहोव्हेन येथे अतिदक्षता विभागासाठी अशा बदलत्या याद्यांवर काम झाले आहे. शिवाय प्रत्येक खुणेबरोबर वेळ नोंदली जाते. एकोणीस मुद्द्यांवर चार सेकंदांत खुणा झाल्या असतील, तर त्या कशा झाल्या हे सांगायला साक्षीदार लागत नाही. पाळी बदलताना मागच्या पाळीत काय राहिले ते पुढच्या परिचारिकेला लगेच दिसते. महिन्याअखेरीस कोणती पायरी वारंवार सुटते हे कळले, तर माणसाला दोष देण्याआधी व्यवस्थेतला दोष शोधता येतो.

परंतु यंत्र जेथे थांबते, तेथूनच खरा धोका सुरू होतो. बारकोड वापरणाऱ्या रुग्णालयांचा बारकाईने अभ्यास केलेल्या संशोधकांना दिसले की, घाईत असलेल्या परिचारिकांनी वाटा काढल्या होत्या. पट्टी ओली झाली, फाटली, झोपलेल्या रुग्णाच्या अंगाखाली गेली की यंत्र वाचेना. मग रुग्णाच्या खुणेची जादा प्रत दाराच्या चौकटीला किंवा औषधाच्या गाडीला चिकटवून ठेवली जाई आणि तेथूनच ती वाचली जाई. संगणकाच्या लेखी रुग्णाची ओळख पटलेली असे. प्रत्यक्षात त्याच्या मनगटाकडे कोणी पाहिलेलेही नसे. हा आळस होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. काम न थांबता पुढे जावे यासाठीच हे घडत होते, आणि पट्टी बदलण्याची सोय जवळ नव्हती.

कॅनडातील ओंटारिओ प्रांताचा अनुभव यापेक्षाही बोलका आहे. तेथे शस्त्रक्रियेची तपासणी-यादी सक्तीची करण्यात आली. रुग्णालयांनी पालनाचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक असल्याचे कळविले. १०१ रुग्णालयांतील दोन लाखांहून अधिक शस्त्रक्रियांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण ०.७१ टक्क्यावरून ०.६५ टक्क्यावर आलेले दिसले. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक नगण्य होता. याद्या भरल्या गेल्या होत्या, पण आठ शहरांत दिसलेला लाभ येथे दिसला नाही. हुकूम पोहोचला होता; त्याबरोबर शिकवण आणि परस्परांना थांबविण्याचे धैर्य किती पोहोचले, हा प्रश्न तज्ज्ञांनी तेव्हा उपस्थित केला.

भारतातही याचा पडताळा आला. उत्तर प्रदेशातील २४ जिल्ह्यांत, १२० आरोग्यकेंद्रांत, दीड लाखाहून अधिक प्रसूतींमध्ये सुरक्षित प्रसूतीची यादी पारखण्यात आली. निम्म्या केंद्रांत ती यादी देऊन परिचारिकांना शिकविणारे मार्गदर्शक नियमितपणे पाठविले गेले. दोन महिन्यांनंतर तेथे आवश्यक कृतींपैकी सुमारे ७३ टक्के केल्या जात होत्या. यादी नसलेल्या केंद्रांत ४२ टक्के. मार्गदर्शकांच्या भेटी संपल्यानंतर, बाराव्या महिन्यात, हेच प्रमाण ६२ आणि ४४ असे झाले. आचरण सुधारले, पण माता आणि नवजात बालकांच्या मृत्यूंत मात्र फरक पडला नाही. प्रसूतिगृहात कौशल्य, औषधे आणि वेळेवर मोठ्या रुग्णालयात नेण्याची सोय यांचीही जोड लागते. यादी ती निर्माण करू शकत नाही. तरीही तिने एक मोलाची गोष्ट दाखविली: जेथे कोणी तरी सोबत उभे राहून शिकवते, तेथे हात बदलतात, सोबत सुटली की हळूहळू जुन्या सवयीकडे वळतात.

जैन साधनेत द्रव्यक्रिया आणि भावक्रिया असा भेद केला आहे. ओठांनी सूत्रे म्हटली, गुडघे टेकले, वेळ पूर्ण झाली. पण मन अतिचारांकडे वळलेच नाही, तर ते द्रव्यप्रतिक्रमण. पडद्यावरची हिरवी खूण ही रुग्णालयातली द्रव्यक्रिया होय. ती व्यर्थ नाही, कारण द्रव्याच्या आधारानेच बहुधा भाव जागा होतो. पण तिलाच भाव समजणे हा भ्रम आहे. व्यापाऱ्याला हा भेद वेगळ्या वाटेने ठाऊक असतो. संगणकात साठा बरोबर दिसतो, जमाखर्चाचा ताळाही जुळतो; तरी दिवाळीपूर्वी कोणाला तरी गोदामात जाऊन पोती मोजावीच लागतात. वही कितीही सुबक असली तरी माल गोदामातच असतो. रुग्णालयातला माल म्हणजे माणसाचा जीव, आणि तो मोजायला प्रत्यक्ष खाटेपाशी जावे लागते.

खाटेपाशी गेले की आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती जैन कुटुंबांपुरती आहे. अनेक श्रावक-श्राविकांचा चौविहाराचा नियम असतो. रात्री नऊ वाजता परिचारिका गोळी आणून देते, यंत्र खूण वाचते, ‘औषध दिले’ अशी नोंद होते. वृद्ध श्राविका ती गोळी संकोचाने उशीखाली ठेवते आणि सकाळी नवकारशीनंतर घेते. संगणक खोटे बोलत नाही, परिचारिका खोटे बोलत नाही, श्राविकेच्या मनात तर व्रताखेरीज काहीच नाही. पण सकाळी डॉक्टर नोंद पाहून औषध लागू पडत नाही असे समजतात आणि मात्रा वाढवतात. उपवासाचेही असेच. मधुमेहाची काही औषधे आणि इन्सुलिन उपाशीपोटी घेतल्यास रक्तातील साखर धोकादायकरीत्या घसरू शकते. ‘आज आयंबिल आहे’ किंवा ‘आज उपवास आहे’ हे वाक्य त्या वेळी औषधाइतकेच महत्त्वाचे असते. कॅप्सूलचे आवरण पुष्कळदा प्राणिज जिलेटिनचे असते. रक्त गोठू नये म्हणून दिले जाणारे हेपॅरिन सामान्यतः डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून मिळवितात. हे ऐनवेळी कळून रुग्णाने मुकाट्याने औषध टाकून देण्यापेक्षा, आधीच विचारले गेले तर डॉक्टरांना पर्याय शोधता येतो किंवा पर्याय का नाही हे नीट समजावता येते.

प्रत्याख्यानाच्या सूत्रांत आगार, म्हणजे सवलती, आहेत. आजारात समाधी टिकावी म्हणून औषध घेण्याची सवलत त्यांत आहे. व्रताची आणि औषधाची सांगड कशी घालावी, हे गुरुमहाराज आणि डॉक्टर यांना रुग्णालयात दाखल होण्यापूर्वीच विचारून ठेवता येते. समाजाच्या पैशातून चालणाऱ्या रुग्णालयांच्या डिजिटल यादीत तर हा प्रश्न असायलाच हवा: रुग्णाचा चौविहार आहे का, तप सुरू आहे का, प्राणिज घटक असलेल्या औषधांबद्दल काही सांगायचे आहे का? परदेशात बनविलेल्या यादीत हे तीन प्रश्न कोणी घालणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेची यादी देतानाच स्थानिक गरजेनुसार तीत भर घालण्याची मुभा दिली आहे.

आणखी एक जबाबदारी कुटुंबाची आहे, आणि ती थोडी टोचणारी आहे. रुग्ण प्रतिष्ठित घरातला असला की नातेवाइकांचा धीर लवकर सुटतो. ‘नाव किती वेळा विचारता?’, ‘साहेबांना ओळखत नाही का?’, ‘लवकर आत घ्या, मोठ्या डॉक्टरांशी बोलणे झाले आहे’ असे शब्द वॉर्डात ऐकू येतात. ज्या परिचारिकेला तिसऱ्यांदा नाव विचारल्याबद्दल बोलणी खावी लागतात, ती चौथ्या रुग्णाला नाव विचारताना कचरते. ओळखीने मिळविलेली घाई हा त्या खाटेवरच्या जिवाला सर्वांत महाग पडणारा सौदा आहे. नाव, जन्मतारीख, ॲलर्जी, चालू औषधे हे सारे प्रत्येक वेळी शांतपणे सांगणे, औषधांची यादी खिशात बाळगणे, आणि विचारणाऱ्याचे आभार मानणे हीच तेथली यतना होय.

समाजातील अनेक घरांतून रुग्णालयांचे विश्वस्त होतात. दानातून यंत्रे येतात, इमारती उभ्या राहतात, भिंतीवर नावांच्या पाट्या लागतात. या दानाचे मोल मोठे आहे. पण मिशिगनमधील त्या रिकाम्या कपाटाची आठवण ठेवली, तर विश्वस्ताचे दुसरे काम लक्षात येते. महिन्यातून एकदा वॉर्डात जावे. याद्या किती भरल्या गेल्या, हा आकडा विचारण्याऐवजी या महिन्यात यादीमुळे काय काय पकडले गेले, असे विचारावे. एखाद्या परिचारिकेने मोठ्या सर्जनला थांबविले असेल, तर त्या दोघांचाही सत्कार करावा. तिने थांबविले म्हणून, आणि तो थांबला म्हणून. पट्ट्यांचे यंत्र बिघडले आहे का, टॅबलेटची बॅटरी पाळीभर टिकते का, रात्रीच्या पाळीत माणसे पुरेशी आहेत का, हे पाहावे. नव्या यंत्रासाठी जसे दान मागितले जाते, तसे परिचारिकांच्या प्रशिक्षणासाठीही मागितले जावे. त्या दानाची पाटी कोठे लावता येणार नाही; तिचा हिशेब घरी परतलेल्या माणसांत असेल.

जागतिक रुग्णसुरक्षा दिन २०१९ पासून दरवर्षी १७ सप्टेंबर रोजी पाळला जातो. पर्युषण आणि दशलक्षण पर्वांच्या जवळपासच तो येतो. त्या दिवसांत मिच्छामि दुक्कडं म्हणत श्रावक वर्षभराच्या कळत-नकळत घडलेल्या दोषांची क्षमा मागतो. नकळत घडलेल्या दोषांसाठी क्षमा मागणारी ही परंपरा, नकळत दोष घडूच नयेत म्हणून आधी विचारल्या जाणाऱ्या एकोणीस प्रश्नांनाही आपले म्हणू शकते. त्यांतला प्रत्येक प्रश्न कोणा एकाच्या प्राणासाठी विचारलेला असतो. तो विचारताना समोरच्या माणसाच्या डोळ्यांत पाहिले पाहिजे, पडद्यावर बोट नंतर टेकवता येते.